लिअरी कॉन्स्टंटाइन

लिअरी निकोलस कॉन्स्टंटाइन, बॅरन कॉन्स्टंटाइन (जन्म : २१ सप्टेंबर १९०१, पेटिट व्हॅली, त्रिनिदाद, मृत्यू : १ जुलै १९७१, लंडन) हे वेस्ट इंडीजचे क्रिकेटपटू, बॅरिस्टर, राजकारणी व मुत्सद्दी होते. उजव्या हाताचे आक्रमक फलंदाज, जलदगती गोलंदाज आणि आपल्या काळातील सर्वोत्कृष्ट क्षेत्ररक्षकांपैकी एक अशी त्यांची ख्याती होती. १९२८ ते १९३९ या काळात ते वेस्ट इंडीजकडून १८ कसोटी सामने खेळले. खेळातून मिळालेल्या नावलौकिकाचा उपयोग त्यांनी ब्रिटनमधील वर्णभेदाविरुद्ध जाहीर भूमिका घेण्यासाठी केला. १९४३ मध्ये लंडनमधील एका हॉटेलने कातडीच्या रंगावरून त्यांना राहू देण्यास नकार दिला, तेव्हा त्यांनी न्यायालयात दाद मागितली व दावा जिंकला. १९६३ मधील ब्रिस्टल बस बहिष्काराला त्यांनी उच्चायुक्तपदावर असताना उघड पाठिंबा दिला. १९६९ मध्ये ते ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्समधील पहिले कृष्णवर्णीय तहहयात सदस्य झाले.

जन्म व बालपण

कॉन्स्टंटाइन यांचा जन्म त्रिनिदाद बेटाच्या वायव्य भागातील दिएगो मार्टिन या गावाजवळच्या पेटिट व्हॅली येथे झाला. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून कॅरिबियन बेटांवर आणले गेले होते. वडील लेब्रन कॉन्स्टंटाइन हे कोकोच्या मळ्यावर मुकादम होते. ते त्रिनिदादमधील नामवंत क्रिकेटपटूही होते. १९०० व १९०६ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या वेस्ट इंडीज संघांत त्यांचा समावेश होता. १९०० च्या दौऱ्यात लॉर्ड्सच्या मैदानावर त्यांनी ११३ धावा केल्या. वेस्ट इंडीजच्या खेळाडूने इंग्लंडमध्ये केलेले ते पहिले शतक होते. आई अनाइस पास्कल यांचे बंधू व्हिक्टर पास्कल हेही त्रिनिदाद व वेस्ट इंडीजकडून खेळले. घरातील सर्वांना खेळाची आवड होती व मुलांकडून क्षेत्ररक्षणाचा सराव काटेकोरपणे करून घेतला जाई. लिअरी यांच्या पुढील काळातील चपळ क्षेत्ररक्षणाचा पाया या सरावात घातला गेला.

शालेय शिक्षण पोर्ट ऑफ स्पेन येथे पूर्ण केल्यानंतर १९१७ मध्ये ते शहरातील एका सॉलिसिटरच्या कचेरीत कारकून म्हणून लागले. कायद्याचे शिक्षण घ्यावे अशी त्यांची इच्छा होती. मात्र त्यासाठी लागणारा पैसा कुटुंबाजवळ नव्हता आणि कृष्णवर्णीय कारकुनाला त्या क्षेत्रात बढती मिळण्याची आशाही फारशी नव्हती. पुढे त्यांनी त्रिनिदादच्या दक्षिण भागातील फिझाबाद येथे एका तेल कंपनीत नोकरी केली.

त्रिनिदादमधील क्रिकेट आणि वर्णव्यवस्था

त्या काळी त्रिनिदाद ब्रिटिश वसाहत होती आणि तेथील क्रिकेट क्लब कातडीच्या रंगानुसार व सामाजिक दर्जानुसार विभागलेले होते. क्वीन्स पार्क हा प्रामुख्याने श्रीमंत गोऱ्यांचा क्लब होता व बेटावरील क्रिकेटची सूत्रे त्याच्याच हाती होती. मेपल क्लबात उजळ वर्णाच्या मध्यमवर्गीयांचा भरणा होता. स्टिंगो हा कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांचा क्लब होता, तर शॅनन हा शिक्षक, कारकून अशा कनिष्ठ मध्यमवर्गीय कृष्णवर्णीयांचा. कॉन्स्टंटाइन शॅननकडून खेळत. शॅननचे खेळाडू प्रत्येक सामना संपूर्ण समाजाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न मानून शिस्तीने खेळत, असे वर्णन लेखक सी.एल.आर. जेम्स यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बियाँड अ बाउंड्री’ या ग्रंथात केले आहे.

वेस्ट इंडीजच्या संघात गुणवान कृष्णवर्णीय खेळाडूंना स्थान मिळत असे, पण कर्णधारपद मात्र गोऱ्या खेळाडूंसाठी राखीव असल्यासारखेच होते. कर्णधाराच्या अंगी गुणवत्ता आहे की नाही हा प्रश्न दुय्यम मानला जाई. ही पद्धत संघाच्या खेळालाही मारक आहे, असे कॉन्स्टंटाइन यांचे मत होते. कृष्णवर्णीय खेळाडू गोऱ्यांपेक्षा कोणत्याही बाबतीत कमी नाहीत, हे ते तरुणपणापासून मित्रांमधील चर्चेत ठासून सांगत. आपल्या राजकीय विचारांच्या घडणीत या चर्चांचा वाटा मोठा असल्याचे जेम्स यांनी नमूद केले आहे.

क्रिकेट कारकीर्द

कॉन्स्टंटाइन १९२१ मध्ये त्रिनिदादकडून पहिला प्रथम श्रेणी सामना खेळले. १९२३ मध्ये एच.बी.जी. ऑस्टिन यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या वेस्ट इंडीज संघात त्यांची निवड झाली. या दौऱ्यात कव्हर भागातील त्यांच्या क्षेत्ररक्षणाची विशेष वाखाणणी झाली.

१९२८ चा इंग्लंड दौरा त्यांच्या आयुष्याला कलाटणी देणारा ठरला. वेस्ट इंडीजचे खेळाडू तेव्हा हौशी समजले जात व मायदेशात क्रिकेटवर पोट भरणे शक्य नव्हते. इंग्लंडमधील क्लबांचे लक्ष वेधून व्यावसायिक करार मिळवायचा, असे ठरवूनच ते या दौऱ्यावर गेले. जून महिन्यात लॉर्ड्सवर मिडलसेक्सविरुद्धच्या सामन्यात संघ अडचणीत असताना त्यांनी पहिल्या डावात ८६ धावा केल्या. मिडलसेक्सच्या दुसऱ्या डावात ५७ धावांत ७ बळी घेतल्यावर त्यांनी एका तासात १०३ धावा फटकावल्या आणि वेस्ट इंडीजने तीन गडी राखून विजय मिळवला. या दौऱ्यात प्रथम श्रेणी सामन्यांत त्यांनी १,००० हून अधिक धावा केल्या व १०० हून अधिक बळी घेतले. वेस्ट इंडीजचे पहिले कसोटी सामने याच दौऱ्यात झाले आणि वेस्ट इंडीजसाठी कसोटीतील पहिला बळी कॉन्स्टंटाइन यांनीच मिळवला.

१९३० मध्ये जॉर्जटाउन येथे वेस्ट इंडीजने इंग्लंडला हरवून आपला पहिला कसोटी विजय नोंदवला. त्या सामन्यात कॉन्स्टंटाइन यांनी नऊ बळी घेतले. १९३४–३५ मध्ये वेस्ट इंडीजने इंग्लंडविरुद्धची मालिका २–१ अशी जिंकली. पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीत त्यांच्या ९० धावा मोलाच्या ठरल्या. किंग्स्टनच्या अखेरच्या कसोटीत कर्णधार जॅकी ग्रँट यांचा घोटा दुखावल्याने शेवटच्या दिवशी संघाचे नेतृत्व कॉन्स्टंटाइन यांच्याकडे आले. कसोटीत कर्णधारपदाची धुरा त्यांच्याकडे आली ती एवढीच. १९३९ च्या ऑगस्टमध्ये ओव्हल मैदानावर ते शेवटचा कसोटी सामना खेळले. त्यात त्यांनी ७५ धावांत ५ बळी घेतले व ७९ धावांची खेळी केली. १९४० च्या विस्डेनमध्ये वर्षातील पाच क्रिकेटपटूंमध्ये त्यांची निवड झाली.

कसोटी सामन्यांत त्यांनी १९.२४ च्या सरासरीने ६३५ धावा केल्या आणि ३०.१० च्या सरासरीने ५८ बळी घेतले. हे आकडे त्यांच्या ख्यातीच्या मानाने साधारण वाटतात. त्यांचा प्रभाव मुख्यतः थोडक्या वेळात सामन्याचे पारडे फिरवण्याच्या क्षमतेत व क्षेत्ररक्षणात होता. शिवाय त्यांच्या उमेदीचा बराच काळ कसोटीऐवजी लँकेशायर लीगमध्ये गेला.

नेल्सनमधील वास्तव्य

१९२८ च्या दौऱ्यानंतर लँकेशायरमधील नेल्सन क्लबने त्यांच्याशी वर्षाला ५०० पौंड मानधनाचा करार केला आणि १९२९ पासून ते नेल्सनकडून खेळू लागले. नेल्सन हे कापडगिरण्यांचे लहानसे शहर होते. तेथे कृष्णवर्णीय माणसे जवळपास नव्हतीच. कॉन्स्टंटाइन, पत्नी नॉर्मा आणि लहान मुलगी ग्लोरिया यांच्याकडे लोक कुतूहलाने पाहत, मुले घराच्या खिडक्यांतून डोकावत. काही निनावी पत्रांतून वंशद्वेषी शिवीगाळही आली. पहिल्याच हंगामात त्रिनिदादला परतावे, असा विचार त्यांच्या मनात आला होता. परंतु नॉर्मा यांच्या आग्रहामुळे ते राहिले. पुढे शहराने या कुटुंबाला आपलेसे केले. १९४९ पर्यंत ते नेल्सनमध्येच राहिले.

नेल्सनकडून ते नऊ हंगाम खेळले. त्यांपैकी सात हंगामांत क्लबने लीगचे विजेतेपद मिळवले आणि उरलेल्या दोन्हींत दुसरे स्थान राखले. त्यांचा खेळ पाहण्यासाठी होणाऱ्या गर्दीमुळे नेल्सनचीच नव्हे तर लीगमधील इतर क्लबांचीही आर्थिक स्थिती सुधारली. भारताचे अमर सिंग याच काळात शेजारच्या कोल्न क्लबचे व्यावसायिक खेळाडू होते आणि कॉन्स्टंटाइन रॉचडेल क्लबकडे गेल्यावर नेल्सनने लाला अमरनाथ यांना करारबद्ध केले.

१९३२ मध्ये सी.एल.आर. जेम्स इंग्लंडला आले व कॉन्स्टंटाइन कुटुंबाकडे राहिले. त्रिनिदादचे कामगार नेते कॅप्टन सिप्रियानी यांच्यावरील जेम्स यांचे पुस्तक कॉन्स्टंटाइन यांच्या आर्थिक साहाय्याने नेल्सन येथे छापले गेले. वेस्ट इंडीजला स्वशासन मिळावे, हा विचार त्यात मांडलेला होता. जेम्स यांच्या साहाय्याने कॉन्स्टंटाइन यांनी ‘क्रिकेट अँड आय’ हे पुस्तक लिहिले. ते १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले. दोघेही लँकेशायरमधील सभांतून वेस्ट इंडीजविषयी व्याख्याने देत. ब्रिटनमधील कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी डॉ. हॅरोल्ड मूडी यांनी १९३१ मध्ये स्थापन केलेल्या ‘लीग ऑफ कलर्ड पीपल्स’ या संघटनेशीही कॉन्स्टंटाइन यांचा संबंध होता. क्लबच्या करारामुळे त्यांना जे आर्थिक स्वातंत्र्य मिळाले, त्यामुळे वसाहतीतील नोकरीवर अवलंबून असताना अवघड असलेली गोष्ट आता शक्य झाली होती. आपली मते ते जाहीरपणे मांडू शकत होते.

युद्धकाळातील कार्य

दुसऱ्या महायुद्धात युद्धसाहित्याच्या कारखान्यांसाठी वेस्ट इंडीजमधून तंत्रज्ञ व प्रशिक्षणार्थी इंग्लंडच्या वायव्य भागात आणले गेले. त्यांच्यासाठी ब्रिटनच्या कामगार मंत्रालयाने कॉन्स्टंटाइन यांची कल्याण अधिकारी म्हणून नेमणूक केली. त्यांची कचेरी लिव्हरपूल येथे होती. कामगारांना राहण्यासाठी खोल्या मिळवून देणे, कारखान्यांतील तक्रारी सोडवणे, कामगार संघटनांशी बोलणी करणे अशी कामे ते करीत. काही मालक कृष्णवर्णीय कामगारांना कामावर घेण्यास तयार नसत. अशा वेळी ते मंत्रालयाचे वजन वापरून मार्ग काढत. अमेरिकी सैन्य ब्रिटनमध्ये दाखल झाल्यानंतर या कामातील अडचणी वाढल्या. अमेरिकी सैन्यात गोऱ्या व कृष्णवर्णीय सैनिकांच्या तुकड्या वेगळ्या होत्या. हा वेगळेपणा ब्रिटनमधील नृत्यगृहे, खानावळी व हॉटेले यांतही पाळला जावा, अशी अनेक गोऱ्या अमेरिकी सैनिकांची अपेक्षा असे. या कार्यासाठी कॉन्स्टंटाइन यांना पुढे एम.बी.ई. हा ब्रिटिश किताब देण्यात आला.

इंपीरियल हॉटेल खटला

१९४३ च्या ऑगस्टच्या आरंभी लॉर्ड्स येथे होणाऱ्या एका सामन्यासाठी कॉन्स्टंटाइन यांनी लंडनच्या रसेल स्क्वेअरमधील इंपीरियल हॉटेलमध्ये स्वतःसाठी व कुटुंबासाठी चार रात्रींचे आरक्षण केले होते. आपल्या वर्णामुळे काही अडचण येणार नाही ना, याची चौकशी त्यांनी आधीच करून घेतली होती. ३० जुलै रोजी ते हॉटेलवर पोहोचले तेव्हा मात्र त्यांना फक्त एक रात्र राहता येईल असे सांगण्यात आले. हॉटेलमध्ये उतरलेल्या अमेरिकी पाहुण्यांची नाराजी, हे त्यामागचे कारण होते. मंत्रालयातील एक गोरे सहकारी त्या वेळी मध्यस्थीसाठी आले. त्यांच्यासमोरच हॉटेलच्या व्यवस्थापिकेने कॉन्स्टंटाइन यांच्याविषयी अपमानास्पद शब्द वापरले. अखेर हे कुटुंब दुसऱ्या हॉटेलात राहावयास गेले. या घटनेवरून ब्रिटिश संसदेतही प्रश्न विचारले गेले.

असे प्रसंग ब्रिटनमध्ये नवे नव्हते. बहुतेक लोक अपमान गिळून दुसरीकडे जागा शोधत. कॉन्स्टंटाइन यांनी हॉटेल कंपनीवर दावा दाखल केला. त्या वेळी ब्रिटनमध्ये वर्णभेदाला बंदी करणारा कोणताही कायदा नव्हता. म्हणून दाव्याचा आधार निराळाच घ्यावा लागला. इंग्लंडच्या रूढ कायद्यानुसार जागा उपलब्ध असताना व प्रवासी योग्य वर्तनाचा असताना पथिकाश्रम चालवणाऱ्याला सबळ कारणाशिवाय त्यास नाकारता येत नाही. कंपनीने या जुन्या कर्तव्याचा भंग केला, असे कॉन्स्टंटाइन यांच्या वतीने मांडण्यात आले. सर पॅट्रिक हेस्टिंग्ज व रोझ हाइलब्रॉन यांनी त्यांची बाजू मांडली.

न्यायमूर्ती बर्केट यांनी २८ जून १९४४ रोजी कॉन्स्टंटाइन यांच्या बाजूने निकाल दिला. कॉन्स्टंटाइन व त्यांचे सहकारी यांची साक्ष त्यांनी विश्वसनीय मानली व हॉटेलच्या साक्षीदारांचे म्हणणे फेटाळले. मात्र अपमान व मनस्ताप यांबद्दल मोठी भरपाई देण्यास कायद्यात आधार नसल्याचे मानून त्यांनी पाच गिनींची नाममात्र रक्कम मंजूर केली.

भरपाई किरकोळ असली तरी निकालाला वृत्तपत्रांतून मोठी प्रसिद्धी मिळाली. सरकारी अधिकारी व नामांकित क्रिकेटपटू असलेल्या माणसालाही अशी वागणूक मिळत असेल, तर सामान्य कृष्णवर्णीय कामगाराचे काय होत असेल, हा प्रश्न त्यातून लोकांसमोर आला. निकालाच्या मर्यादाही स्पष्ट होत्या. तो पथिकाश्रमाच्या व्याख्येत बसणाऱ्या हॉटेलांपुरताच होता. भाड्याच्या खोल्या, खासगी निवासगृहे किंवा नोकऱ्या यांना तो लागू नव्हता आणि वर्णावरून नकार देणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला नव्हता.

पुढच्याच वर्षी, १९४५ च्या ऑगस्टमध्ये, लॉर्ड्सवर इंग्लंडविरुद्ध डोमिनियन्स संघाचा सामना झाला. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व दक्षिण आफ्रिका येथील खेळाडूंच्या या संघात कॉन्स्टंटाइन हे एकमेव कृष्णवर्णीय होते आणि कर्णधारपदी सहकाऱ्यांच्या पाठिंब्याने त्यांचीच निवड झाली. डोमिनियन्सने सामना ४५ धावांनी जिंकला. वेस्ट इंडीजच्या संघाचे नेतृत्व संपूर्ण मालिकेसाठी कृष्णवर्णीय खेळाडूकडे सोपवले जाण्यास मात्र फ्रँक वॉरेल यांच्या १९६०–६१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यापर्यंत वाट पाहावी लागली.

कायद्याचे शिक्षण व लेखन

युद्धानंतर कॉन्स्टंटाइन यांनी तरुणपणी राहून गेलेला कायद्याचा अभ्यास पुन्हा हाती घेतला. १९४९ मध्ये कुटुंब लंडनला स्थलांतरित झाले. क्रिकेटवरील लेखन व आकाशवाणीवरील समालोचन यांतून चरितार्थ चालवत त्यांनी मिडल टेंपल येथे अभ्यास पूर्ण केला आणि १९५४ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ते बॅरिस्टर झाले.

त्याच वर्षी त्यांचे ‘कलर बार’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. ब्रिटनमधील कृष्णवर्णीयांचे दैनंदिन जीवन आणि जगाच्या विविध भागांतील वंशभेद हा त्याचा विषय आहे. पुस्तक मुख्यतः गोऱ्या वाचकांना उद्देशून लिहिले होते. कॅरिबियन बेटांतून कामासाठी ब्रिटनमध्ये येणाऱ्यांची संख्या त्या काळात वाढत होती. घरमालकांच्या जाहिरातींत कृष्णवर्णीयांना जागा मिळणार नाही, असे उघड लिहिलेले असे. क्रिकेटमुळे घरोघरी परिचित असलेल्या लेखकाने हा विषय मांडल्यामुळे तो अशा वाचकांपर्यंत गेला, ज्यांनी एरवी तो वाचला नसता.

त्रिनिदादमधील राजकारण

१९५४ मध्ये कॉन्स्टंटाइन त्रिनिदादला परतले व आपल्या जुन्या तेल कंपनीत साहाय्यक विधी सल्लागार झाले. डॉ. एरिक विल्यम्स यांच्या नेतृत्वाखाली १९५६ मध्ये स्थापन झालेल्या ‘पीपल्स नॅशनल मूव्हमेंट’ या पक्षाचे ते पहिले अध्यक्ष झाले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत टुनापुना मतदारसंघातून ते निवडून आले व विल्यम्स यांच्या मंत्रिमंडळात दळणवळण, बांधकाम व सार्वजनिक सेवा खात्याचे मंत्री झाले. १९६१ पर्यंत ते या पदावर होते. त्यानंतर त्यांची लंडनमध्ये उच्चायुक्त म्हणून नेमणूक झाली. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी त्रिनिदाद व टोबॅगो स्वतंत्र झाला. १९६२ मध्येच त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली.

ब्रिस्टल बस बहिष्कार

ब्रिस्टल शहरात बससेवा चालवणारी कंपनी चालक व वाहक म्हणून कृष्णवर्णीय व आशियाई उमेदवारांना घेत नव्हती. बसकामगारांच्या स्थानिक संघटनेचाही या बंदीला पाठिंबा होता. गाय बेली या तरुणाला केवळ वर्णामुळे मुलाखत नाकारल्यानंतर पॉल स्टीफन्सन, रॉय हॅकेट आदी कार्यकर्त्यांनी ३० एप्रिल १९६३ पासून बसवर बहिष्कार पुकारला.

कॉन्स्टंटाइन त्या वेळी उच्चायुक्त होते. त्यांनी कंपनीला पत्र लिहून निषेध नोंदवला. मे महिन्यात वेस्ट इंडीजचा संघ ग्लॉस्टरशायरविरुद्ध ब्रिस्टलमध्ये खेळत असताना ते तेथे गेले आणि वार्ताहरांशी बोलताना या बंदीवर उघड टीका केली. शहराचे लॉर्ड मेयर व राष्ट्रीय पातळीवरील कामगार नेते फ्रँक कझिन्स यांच्याशी त्यांनी बोलणी केली. बसकंपनीची मालकी असलेल्या सरकारी संस्थेपर्यंतही त्यांनी हा प्रश्न नेला. २८ ऑगस्ट १९६३ रोजी कंपनीने बंदी मागे घेतल्याचे जाहीर केले आणि पुढच्या महिन्यात ब्रिस्टलला पहिला बिगरगोरा बसवाहक मिळाला.

परकीय प्रतिनिधीने यजमान देशाच्या अंतर्गत प्रश्नात पडू नये, हा राजनैतिक व्यवहारातील सर्वमान्य संकेत आहे. कॉन्स्टंटाइन यांनी तो ओलांडल्यामुळे त्रिनिदादचे सरकार नाराज झाले आणि पंतप्रधान विल्यम्स यांच्याशी त्यांचे संबंध दुरावले. १९६४ च्या आरंभी त्यांनी उच्चायुक्तपद सोडले. १९४४ च्या खटल्यात त्यांनी स्वतःवरील अन्यायाची दाद मागितली होती. ब्रिस्टलमध्ये प्रश्न इतरांच्या नोकरीचा होता आणि त्यासाठी त्यांनी स्वतःचे पद पणाला लावले.

उत्तरायुष्य

यानंतर कॉन्स्टंटाइन लंडनमध्येच राहिले. १९६५ मध्ये ब्रिटनमध्ये वंशसंबंधविषयक पहिला कायदा संमत झाला. त्याने हॉटेले, उपाहारगृहे, नाट्यगृहे, सार्वजनिक वाहने अशा ठिकाणी वर्ण व वंश यांवरून भेद करण्यास बंदी घातली. म्हणजे ज्या हक्कासाठी कॉन्स्टंटाइन यांना जुन्या रूढ कायद्याचा आधार शोधावा लागला होता, तो आता लेखी कायद्याने मान्य झाला. कायद्याच्या अंमलबजावणीसाठी १९६६ मध्ये नेमलेल्या तीनसदस्यीय मंडळावर त्यांची नियुक्ती झाली. या कायद्यात घरे व नोकऱ्या यांचा समावेश नव्हता. ब्रिस्टलसारखे प्रकरण त्याच्या कक्षेत आले नसते. ही उणीव १९६८ च्या कायद्याने भरून काढली.

१९६७ मध्ये स्कॉटलंडमधील सेंट अँड्रूज विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी त्यांना रेक्टर म्हणून निवडले. १९६८ मध्ये ते बीबीसीच्या नियामक मंडळाचे सदस्य झाले. १९६९ मध्ये त्यांना तहहयात उमरावपद देण्यात आले. त्यासाठी त्यांनी आपल्या नावासोबत त्रिनिदादमधील मराव्हाल आणि लँकेशायरमधील नेल्सन या दोन्ही गावांची नावे जोडली. प्रकृती खालावलेली असल्याने हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या कामकाजात त्यांना फारसा भाग घेता आला नाही.

१ जुलै १९७१ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे पार्थिव त्रिनिदादला नेण्यात आले व शासकीय इतमामात अंत्यसंस्कार करून अरुका येथे दफन करण्यात आले. लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबे येथे स्मृतिप्रार्थना झाली. त्रिनिदाद व टोबॅगोने त्यांना ‘ट्रिनिटी क्रॉस’ हा सर्वोच्च किताब मरणोत्तर प्रदान केला. पत्नी नॉर्मा यांचे दोनच महिन्यांनी निधन झाले.

मूल्यमापन

कॉन्स्टंटाइन यांच्या कार्यपद्धतीविषयी मतभेद आहेत. १९६० च्या दशकातील तरुण कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांना ते फार सौम्य वाटत. सरकारी मंडळे, किताब व उमरावपद स्वीकारल्यामुळे ते सत्ताधारी वर्गाच्या जवळ गेले, अशी टीका झाली. रस्त्यावरील आंदोलनापेक्षा पत्रव्यवहार, वाटाघाटी व न्यायालय हे मार्ग त्यांना अधिक जवळचे होते. ब्रिस्टलमध्येही बहिष्कार उभा केला तो स्थानिक कार्यकर्त्यांनी. कॉन्स्टंटाइन यांच्या पाठिंब्याने त्या मागणीला सरकारी वर्तुळात वजन प्राप्त झाले.

दुसरीकडे, ज्या काळात खेळाडूने केवळ खेळावे व इतर बाबतींत मौन पाळावे अशी अपेक्षा होती, त्या काळात त्यांनी भूमिका घेतल्या, हेही अभ्यासक लक्षात आणून देतात. वेस्ट इंडीजच्या क्रिकेट मंडळाची मर्जी, लीगमधील करार, मंत्रालयातील हुद्दा आणि शेवटी उच्चायुक्तपद या प्रत्येक टप्प्यावर गप्प राहण्याने त्यांचे नुकसान झाले नसते. प्रसिद्धीमुळे आपले म्हणणे ऐकले जाते आणि ज्यांचे कोणी ऐकत नाही त्यांच्यासाठी ती वापरली पाहिजे, ही जाणीव त्यांच्या लेखनातून व कृतीतून दिसते. क्रीडापटूंनी मानवी हक्कांच्या प्रश्नांवर बोलावे की नाही, या पुढील काळातील चर्चेत त्यांचे उदाहरण म्हणूनच महत्त्वाचे मानले जाते.

इंपीरियल हॉटेल खटला इंग्लंडमधील कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही अभ्यासावा लागतो. नेल्सन शहराने १९६३ मध्ये कॉन्स्टंटाइन यांना मानद नागरिकत्व बहाल केले होते. तेथील मेरेडिथ स्ट्रीटवरील त्यांच्या घरावर स्मृतिफलक लावण्यात आला आहे.